खांद्यावरची बॅग आणि वीस तारीख

पत्र थोडक्यात: वय ४६. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी कर सल्लागार आहे. आधी बारा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात नोकरी केली, आता सहा वर्षं स्वतःची प्रॅक्टिस. चाळीसेक पार्ट्या आहेत: किराणा, हार्डवेअर, गुळाचे अडते, दोन ट्रान्सपोर्टवाले, एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटी, आयकर, टीडीएस सगळं मीच बघते. आठवड्यातले चार दिवस एसटीनं नाहीतर स्कूटीवर फिरती असते. खांद्यावर लॅपटॉप, चार्जर, फायली, डोंगलांची (पार्ट्यांच्या डिजिटल सहीच्या यूएसबी काड्यांची) पिशवी. एका किराणावाल्याच्या काट्यावर गमतीनं बॅग ठेवली तर सव्वाचार किलो भरली. मान धरते, डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हटलंय. त्यात २०१८ च्या सुरुवातीला घेतलेल्या या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, असं दुकानदार सांगतो. पुण्याला नोकरी करणारा भाचा म्हणतो, "मावशी, लॅपटॉपचे दिवस गेले. टॅब घे, मीही टॅबच वापरतो." यजमानांच्या मते टॅब म्हणजे मोठा मोबाईल, पैसे वाया. साठ हजार बाजूला काढलेत. लॅपटॉप कायमचा सोडून टॅबवर येता येईल का? की हे वय नवीन काही शिकायचं नाही आणि मीच काळाच्या मागे पडलेय?

नमस्कार ताई,

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती मला खटकली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तुम्ही सीएंच्या ऑफिसात होतात. पोर्टल रोज नवं काहीतरी दाखवत होतं, व्यापारी हवालदिल झाले होते, कुठला फॉर्म आला नि कुठला लांबला याचा कुणालाच पत्ता नव्हता. त्या गोंधळातून शिकून पुढे तुम्ही स्वतःची पाटी लावलीत. अशा बाईनं 'हे वय शिकायचं नाही' म्हणू नये. टॅब शिकायला एक रविवार पुरतो. तेव्हा वयाचा मुद्दा मी इथंच बाजूला काढून ठेवते. तो तुमच्या खरेदीत घुसला तर गरज नसलेली वस्तू घरी येईल, केवळ कुणाला तरी दाखवायला.

आता भाचा. तो खोटं बोलत नाही. त्याचं काम नेमकं काय हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुण्यातल्या ऑफिसांमधल्या बऱ्याच पोरांचा दिवस मेल, मीटिंगा, चॅट आणि ब्राउझरमध्ये उघडणारी दोन-चार पानं यातच जातो. जड काम दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालतं, हातातलं यंत्र म्हणजे नुसती खिडकी. ती खिडकी टॅबची असली काय नि लॅपटॉपची असली काय. तरीही त्याला एकदा विचारा, ऑफिसच्या टेबलावर कंपनीनं दिलेला लॅपटॉप आहे का? 'मी टॅबच वापरतो' म्हणणाऱ्यांच्या घरात किंवा ऑफिसात एक लॅपटॉप गुपचूप राबत असतो, असा माझा अनुभव आहे.

यजमान अर्धे बरोबर आहेत. आयपॅड २०१० मध्ये आला तो आयफोनचंच सॉफ्टवेअर अंगावर घेऊन. त्याला आयपॅडओएस असं स्वतःचं नाव मिळालं ते २०१९ मध्ये. अँड्रॉइड टॅबचं तर कूळच मोबाईलचं. पण मोठा मोबाईल म्हणजे पैसे वाया, हे काही मला पटत नाही. त्याकडे येतेच.

त्याच २०१० च्या जूनमध्ये एका परिषदेत आयपॅड बनवणाऱ्या ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी पीसीची तुलना ट्रकशी केली होती. अमेरिका शेतीवर जगत होती तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असायच्या, लोक शहरांकडे सरकले तशा मोटारी आल्या. पीसीही ट्रकसारखे राहतील, पण थोड्यांनाच लागतील, असा त्यांचा रोख होता. टॅब विकणाऱ्याचंच हे म्हणणं, म्हणून थोडं जपूनच घ्यावं, पण तुलना चपखल आहे. तुमच्याकडे दोन ट्रान्सपोर्टवाले आहेतच. त्यांना विचारून बघा, ट्रक विकून मोटार घेता का? मोटार वाईट असते असं थोडंच आहे? पण माल कशातून जाणार?

तुमचा माल काय आहे ते बघू. टॅली, म्हणजे तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, विंडोजवरच चालतं. क्लाउडवर भाड्यानं घेता येतं, म्हणजे टॅली दुसरीकडच्या विंडोजवर चालणार आणि तुम्हाला त्याचं चित्र टॅबवर दिसणार. पण टॅली हे बोटांचं सॉफ्टवेअर आहे. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. तुमची बोटं हे न बघता करतात. टॅबबरोबर मिळणाऱ्या कितीतरी कीबोर्डांवर ही वरची एफची ओळच नसते, आणि उजवीकडचे आकड्यांचे खण तर कुठल्याच चिमुकल्या कीबोर्डावर नसतात. पर्चेसची दोनशे बिलं वरच्या आडव्या आकड्यांनी मारून बघा, मग मी काय म्हणते ते कळेल. टीडीएसचं रिटर्न बनवायची सरकारी युटिलिटी जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते, ती टॅबवर नाही. सीएंच्या ऑफिसातून आलेल्या तुमच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो (एका बटणावर आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर आयपॅडवर शीट उघडेल, मॅक्रो चालणार नाही. आणि सगळ्यात मोठा अडसर तुमच्या त्या पिशवीतच आहे. मालकीच्या नि भागीदारीच्या धंद्यांचं जीएसटी रिटर्न ओटीपीवर भरता येतं, पण कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सहीच लागते. सहीचं डोंगल यूएसबीत घालायचं, त्याचा ड्रायव्हर हवा, पोर्टलशी बोलणारं एमसायनर नावाचं सॉफ्टवेअर हवं. आयपॅडला डोंगल जोडायला अडॅप्टर मिळेल, पण पुढचं काहीच मिळणार नाही. चाळीस पार्ट्यांमधली ती एकच प्रायव्हेट लिमिटेड तुम्हाला विंडोजला बांधून ठेवते.

एक गंमत सांगते, तुमच्या धंद्यातल्या माणसाला आवडेल. आयपॅडवर ॲपलचा स्वतःचा कॅल्क्युलेटर आला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. चौदा वर्षं त्या एवढ्या महागड्या पाटीवर बेरीज करायला दुसऱ्या कुणाचं तरी ॲप घ्यावं लागायचं.

म्हणजे सरळ उत्तर असं: लॅपटॉप कायमचा सोडून तुम्हाला टॅबवर येता येणार नाही. निदान आज नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. मागे एकदा मी स्वतः लॅपटॉप कपाटात ठेवला आणि महिनाभर टॅबवर काम करायचं ठरवलं. माझं काम तुमच्याहून कितीतरी सोपं, लिहायचं आणि दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासायचं. पहिला आठवडा झोकात गेला. झोपाळ्यावर बसून लेख लिहिला, शेजारणीला दाखवला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की टॅब 'नाही' असं कधी म्हणत नाही, तो 'जरा थांबा' म्हणतो. मेलमधली फाइल दुसऱ्या फाइलशेजारी ठेवायची, त्यातला परिच्छेद तिकडे न्यायचा, नाव बदलून दुसऱ्या फोल्डरात टाकायची, परत मेलला जोडायची. सगळं होतं, पण दरवेळी दोन बोटं जास्त, दोन मिनिटं जास्त. संध्याकाळपर्यंत त्या मिनिटांचा तास होतो आणि आपण चिडलोय हे कळतं, कशावर ते कळत नाही. अकराव्या दिवशी एका जुन्या लेखकाची फाइल आली, युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमधली. टॅबवर ती उघडली तर इंग्रजी अक्षरं नि टोप्या घातलेली विदेशी चिन्हं यांची खिचडी. त्या फाँटचं सॉफ्टवेअर विंडोजवरच. मी मुकाट्यानं कपाट उघडलं. तुमच्याकडेही भागीदारीची जुनी करारपत्रं, प्रतिज्ञापत्रं टायपिंगवाल्याकडून अशाच फाँटमध्ये येत असणार, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

माझा प्रयोग झाला त्यानंतर टॅब सुधारले, हे कबूल करायला हवं. आयपॅडवर २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅड नीट चालायला लागला, २०२५ मध्ये खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करून शेजारी मांडता यायला लागल्या. सॅमसंगच्या वरच्या टॅबांत डेक्स नावाची सोय आहे, तिच्यात पडदा पुष्कळसा संगणकासारखा दिसतो. पण टॅबला लॅपटॉपच्या जवळ नेता नेता त्याला कीबोर्ड लागतो, माउस लागतो, पेन लागतं, यूएसबीचा हब लागतो. आता तो काट्यावर ठेवा. अकरा इंची टॅब साधारण अर्धा किलो. चांगला, ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड तितकाच. चार्जर, हब, पेन धरून किलोच्या वर सहज जातो. तेरा-चौदा इंची हलके लॅपटॉप सव्वा ते दीड किलोत मिळतात. मग हलकेपणा राहिला कुठे? पैशाचंही तसंच. जाहिरातीत टॅबची किंमत मोठ्या अक्षरांत असते. त्याच कंपनीचा कीबोर्ड आणि पेन घेतलं की टॅबच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम आणखी जाते, ती दुकानात गेल्यावर कळते.

आणि मान. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हटलं ते बरोबरच, पण मान ओझ्यानं धरते तशी खाली वाकूनही धरते. टॅब मांडीवर किंवा टेबलावर आडवा ठेवून तास-दोन तास काम केलंत तर लॅपटॉपपेक्षा जास्त वाकाल. तुमच्या मानेवरचं औषध विचाराल तर घरच्या टेबलावर डोळ्यांच्या रेषेत आणलेला मोठा मॉनिटर आणि कोपर टेकेल अशी खुर्ची. हे डॉक्टरांना विचारून घ्या, पण मला नाही वाटत ते नाही म्हणतील.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग लॅपटॉपच घ्यायचा ना? थांबा. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय आणि भाचा-यजमानांनीही ती धरलीय. ती अशी की जे यंत्र काम करतं ते तुमच्याबरोबर फिरलंच पाहिजे.

का फिरलं पाहिजे? अडत्याच्या पेढीवर तुम्ही गेलात, तर त्याचं टॅली त्याच्या मुनिमाच्या संगणकावर आहे. तिथून तुम्ही बॅकअप पेनड्राइव्हवर घेता. किराणावाला बिलांचा गठ्ठा देतो. हार्डवेअरवाला नोटीस आली म्हणून घाबरलेला असतो, त्याला धीर द्यायचा असतो. यातल्या किती ठिकाणी तुम्ही आपला लॅपटॉप उघडून प्रत्यक्ष रिटर्न भरता? माझा अंदाज, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचे दिवस तो 'वेळेला लागला तर' म्हणून येतो. तुमच्या खांद्यावर जे सव्वाचार किलो आहे त्यातलं बरंचसं या 'वेळेला लागला तर'चं आहे.

ते 'वेळेला' कशामुळे लागतं हेही बघा. अकरा तारखेला आर-वन हे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, वीस तारखेला थ्री-बी हे करभरणीचं (तिमाहीवाले सोडून). पार्टी एकोणीसला संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो टाकते आणि वीसला सकाळी फोन: "ताई, झालं का?" म्हणून तुम्ही वीसला एसटीत असलात तरी लॅपटॉप बरोबर. यावर कुठलंही यंत्र उपाय नाही, महागातलं तर नाहीच. दहा तारखेनंतर आलेल्या पर्चेसला पुढच्या महिन्यात धरीन, असं एकदा सगळ्यांना लेखी कळवा. दोघं-तिघं कुरकुरतील. एखादी पार्टी जाईलही. सहा वर्षांच्या प्रॅक्टिसला ते झेपतं.

म्हणजे तुमचं काम दोन भागांत पडतं, बसून करायचं आणि फिरून करायचं. बसून करायच्या कामाला विंडोज, मोठा पडदा, आकड्यांच्या खणाचा कीबोर्ड. फिरून करायच्या कामाला मात्र टॅबसारखं दुसरं काही नाही, आणि हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. तुम्ही टॅबकडे लॅपटॉपचा बदली कामगार म्हणून बघताय.

दुकानाच्या गल्ल्याशी तुम्ही लॅपटॉप उघडता तेव्हा काय होतं, आठवून बघा. झाकण उभं राहतं, त्याच्यामागे तुम्ही, पुढे व्यापारी. त्याला दिसते ती कंपनीची खूण आणि तुमच्या कपाळावरच्या आठ्या. टॅब काउंटरवर आडवा ठेवा. टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी, उघडा, बोट ठेवून दाखवा की या तीन पुरवठादारांनी तुमची बिलं दाखवलेलीच नाहीत, म्हणून क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, अडकलं. जो माणूस सहा महिने ऐकत नव्हता तो तिथल्या तिथे पुरवठादाराला फोन लावतो. नोटिशीच्या पीडीएफवर पेनानं लाल गोल काढून त्याच्यासमोर लिहा, 'ही तारीख महत्त्वाची'. बिलांचे फोटो काढायला मोबाईल चालतो, पण तपासायला मोठा पडदा लागतो. टॅबवर स्कॅन करून जागेवरच दिसतं की चौथ्या बिलाचा जीएसटी नंबर कापला गेलाय, परत काढा. एसटीत एआयएस आणि सव्वीस-एएस (पार्टीबद्दल आयकर खात्याकडे असलेल्या नोंदींचे उतारे) वाचून ठेवता येतं. बॅटरी दिवसभर पुरते, चार्जर घरी. सिमकार्डाचा टॅब घेतलात तर मोबाईलचा हॉटस्पॉटही नको. यजमानांना हे सांगा. मोठा मोबाईल आहे खरा, आणि मोठेपणाच कामाचा आहे.

म्हणून माझा सल्ला असा. साठ हजारांत दोन वस्तू बसवा, दोन्ही साध्या. पहिली, विंडोज ११ चा साधा पंधरा इंची लॅपटॉप, जो घरच्या टेबलावरून सहसा हलणार नाही. डेस्कटॉप का नाही? कारण वीज. वीस तारखेला दुपारी लाइट गेली की डेस्कटॉपला यूपीएस लागतो, लॅपटॉपची बॅटरी हीच त्याची यूपीएस. शिवाय वर्षातून दोन-चारदा सुनावणीला किंवा ऑडिटला न्यावा लागला तर नेता येतो. बारीक, चकचकीत, हलका असला काही घेऊ नका. जाड असू दे, उजवीकडे आकड्यांचे खण असू देत, जुन्या चौकोनी यूएसबीची दोन भोकं असू देत, रॅम १६ जीबी. दुसरी, दहा-अकरा इंची मधल्या भावाचा टॅब, सिमकार्डाचा, साध्या कव्हरात. कीबोर्ड घेऊ नका. कीबोर्ड घेतलात की त्यावर एन्ट्र्या मारायचा मोह होईल आणि मग तुम्ही परत मला पत्र लिहाल. घासाघीस करावी लागेल, पण जमतं. मॉनिटर वर्षभरानं, आयकराचा सीझन झाला की. तोवर लॅपटॉपखाली चार जाड फायली ठेवून तो डोळ्यांच्या उंचीला आणा आणि तीनशे-चारशेचा सुटा कीबोर्ड जोडा.

घासाघिशीच्या नादात दुकानदार एक चूक करून देऊ शकतो, तेवढी सांभाळा. हल्ली काही लॅपटॉप आणि विंडोजचे टॅब मोबाईलसारख्या चिपवर चालतात, स्नॅपड्रॅगन वगैरे. बॅटरी सुरेख, पण जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाहीत, आणि तुमचं डोंगल, तुमचा जुना प्रिंटर यांचं सगळं ड्रायव्हरवरच अवलंबून. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये सरफेस आरटी नावाचा टॅब आणला होता, दिसायला अगदी विंडोज, पण विंडोजची जुनी सॉफ्टवेअरं त्यावर चालायचीच नाहीत. पुढच्या वर्षी पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीनं ९० कोटी डॉलर बुडीत दाखवले. आताच्या चिपवरची यंत्रं त्याच्यापेक्षा कितीतरी शहाणी आहेत, तरी तुम्ही इंटेल किंवा एएमडीचंच घ्या. आणि टॅबवर एक्सेलमध्ये दुरुस्त्या करायच्या असतील तर पडदा १०.१ इंचांहून मोठा असला की मायक्रोसॉफ्टची वर्गणी लागते, नुसतं बघायला लागत नाही. तुम्हाला बघायलाच हवंय.

जुना लॅपटॉप लगेच भंगारात घालू नका. दुकानदार बरोबर सांगतोय. विंडोज ११ ला इंटेलची आठव्या पिढीची किंवा पुढची चिप लागते, तुमच्यातली त्याआधीची असणार. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, पण घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्यावर नवीन लॅपटॉपची घाई टळते, टॅब आधी घेऊन बघता येतो. त्या तारखेनंतर मात्र चाळीस माणसांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील असलेलं यंत्र अपडेटशिवाय नेटवर ठेवायचं नाही. टॅली उघडून जुनी वर्षं बघायला वापरा, नेट तोडून.

आता 'वेळेला लागला तर'चा शेवटचा धागा. टॅबवरून घरच्या लॅपटॉपमध्ये शिरता येतं. क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे आणि विंडोजच्या साध्या, होम आवृत्तीवर चालतं. विंडोजचं स्वतःचं रिमोट हवं असेल तर घरच्या यंत्रावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. कराडच्या स्टँडवर बसून घरच्या टॅलीतलं लेजर बघायचं, एक पीडीएफ काढून पाठवायची, इतकं छान होतं. डोंगल घरच्या लॅपटॉपला लावून ठेवलेलं असेल आणि पिन माहीत असेल तर सहीसुद्धा होऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. घरी लाइट हवी, नेट हवं, यंत्र झोपलेलं नको. आणि अशी दारं उघडी ठेवताना पासवर्ड दणकट असू द्या, टॅबला लॉक असू द्या. लोकांना असलीच ॲप उतरवायला लावून बँक खाती साफ करतात, म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच इशारा दिला होता. ॲपचा दोष नाही, दार उघडं टाकणाऱ्याचा आहे.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण हा प्रश्न घेऊन पाच-सहा पत्रं पडून आहेत. विमा प्रतिनिधी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, भेटी घेणारे, फॉर्म भरून घेणारे: तुम्हाला नुसता टॅब पुरेल, कंपनीची ॲपं आधीच मोबाईलवर आलीत. वकिलांना वाचायला, खुणा करायला टॅबसारखं सुख नाही, पण मसुदा लिहायला कीबोर्डच. साइटवरच्या सिव्हिल इंजिनिअरनं नकाशा टॅबवर बघावा, काढावा मात्र ऑफिसात. शिक्षकांनी शाळेचं कुठलं काम कुठल्या एक्सेलमध्ये मागतात ते आधी पाहावं. प्रोग्रामरांनी पत्र पाठवायचीच गरज नव्हती.

आणि ताई, माझं सगळं खरं मानून लगेच दुकानात जाऊ नका. मी तुमचं काम पत्रावरून ताडलंय. एक वही करा. येत्या महिन्यात बाहेर असताना दरवेळी लॅपटॉप उघडलात की लिहा: कुठे, कशासाठी, किती मिनिटं, आणि हेच काम घरी गेल्यावर केलं असतं तर काय बिघडलं असतं. महिना असा निवडा ज्यात अकरा आणि वीस दोन्ही येतील, मधले पंधरा शांत दिवस धरून फसू नका. त्याच महिन्यात भाच्याला म्हणा, तुझा टॅब चार दिवस मावशीला दे. देतो का बघा. दिलाच, तर दोन दिवस लॅपटॉप घरी ठेवून फक्त तो घेऊन फिरा. वहीत बाहेरच्या नोंदी पाच-सहाच्या वर नसतील तर मी म्हणते ते करा. रोज असतील, म्हणजे खरोखर पार्टीच्या टेबलावर बसूनच तुमचं काम होत असेल, तर माझा सल्ला मोडा आणि सगळे साठ हजार एका हलक्या विंडोज लॅपटॉपमध्ये घाला. टॅबचा नाद सोडा.

एक काम मात्र वहीची वाट न बघता करा. ती डोंगलांची पिशवी. माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे ज्याची सही त्यानं ती आपल्या ताब्यात ठेवायची असते, तुमच्यामाझ्या पर्समध्ये नाही. सगळेच ठेवतात, मला माहीत आहे. उद्या एखादा म्हणाला की ही सही मी केलीच नव्हती, तर पिशवी तुमच्या खांद्यावर सापडेल. एकेक पाकीट, वर नाव, पोच घेऊन परत करा; वीस तारखेला ज्याची त्यानं घेऊन यायची, चहा तुमच्याकडे. काट्यावर परत बॅग ठेवाल तेव्हा तेवढे पावशेर कमी भरतील.